अफ्लाटॉक्सिन: शेतातल्या बुरशीपासून यकृतापर्यंत

शेंगदाणे खाताना अधूनमधून एखादा दाणा कडू निघतो आणि आपण तो थुंकून टाकतो. सवय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर राहता येत नाही. दाण्यात असू शकणारं सर्वांत घातक विष जिभेला कळतच नाही. त्याला चव नाही, वास नाही. ज्या बुरशीने ते तयार केलं ती मेली, झडून गेली, तरी विष दाण्यात तसंच राहतं. शुद्ध स्वरूपात ते साधारण २६८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि पाणी १०० अंशाला उकळतं, त्यामुळे शिजवून ते नाहीसं होईल ही आशा सोडलेली बरी. भाजल्याने काही प्रमाणात घटतं, पण पूर्ण जात नाही.

या विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन. मका आणि भुईमूग या पिकांत ते सर्वाधिक आढळतं. शिवाय सरकी, पिस्ते, सुकी मिरची, सुकं अंजीर यांतही सापडतं. गेली साठ-पासष्ट वर्षं त्यावर संशोधन चाललं आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. शेवटच्या महिन्यात पाऊस पडला की नाही, माती किती तापली, धान्य कशावर वाळवलं, बाळाला कोणती लस मिळाली आणि चाळिशीतल्या माणसाच्या यकृतात गाठ का झाली, हे प्रश्न वेगवेगळ्या खात्यांचे वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच प्रश्नाचे तुकडे आहेत, आणि ते जुळवायला बुरशीतज्ज्ञ, कृषिशास्त्रज्ञ, रसायनतज्ज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि डॉक्टर अशा सगळ्यांना एकमेकांची भाषा शिकावी लागली.

एक लाख पिल्लं कशाने मेली?

१९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्कीची पिल्लं मेली. खाणं बंद, पंख लोंबलेले, आणि आठवडाभरात मृत्यू. कारण कळेना म्हणून आजाराला नाव पडलं ‘टर्की एक्स डिसीज’. आधी संशय विषाणूवर गेला. पण आजारी पक्ष्याकडून निरोगी पक्ष्याला रोग लागत नव्हता. खाद्याचा माग काढला तेव्हा ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड सापडली. ती पेंड खाऊ घातली की निरोगी पिल्लंही तशीच मरत होती.

१९६१ पर्यंत पेंडीतून अ‍ॅस्परजिलस फ्लेवस ही बुरशी वेगळी काढण्यात आली आणि तिच्या विषाचाही छडा लागला. पेंडीचा अर्क पातळ लेप दिलेल्या काचेवर चढवून अतिनील प्रकाशात धरला की काही ठिपके निळे चमकायचे, काही हिरवे. त्या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बी१, बी२, जी१, जी२ ही नावं आली. चौघांत सर्वांत जहाल बी१. त्याच सुमाराला अमेरिकेत मत्स्यपालन केंद्रांतल्या रेनबो ट्राउट माशांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी दिसू लागल्या होत्या. तिथे खाद्यात सरकीची पेंड होती आणि त्या पेंडीत हेच विष. म्हणजे मोठ्या मात्रेत ते चटकन मारतं आणि थोड्या मात्रेत, बराच काळ मिळत राहिलं तर कर्करोग करतं, हे दोन्ही जवळजवळ एकाच वेळी समोर आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

उभ्या पिकाला कोरड वाईट, काढलेल्या पिकाला ओल

ही बुरशी उष्ण प्रदेशांतल्या मातीत जवळजवळ सगळीकडे असते. पडलेली पानं, धसकटं, जुनी कणसं यांवर ती आरामात जगते. जिवंत पिकावर हल्ला करणं हा तिचा मूळ धंदा नाही. पीक अडचणीत आलं की ती संधी साधते.

भुईमूग या बाबतीत फारच उघडा पडतो. फूल जमिनीवर लागतं, मग आरी (शेंग धरणारा देठ) सुटून जमिनीत घुसते आणि शेंग मातीतच पोसते, म्हणजे थेट बुरशीच्या घरात. झाडाला पाणी नीट मिळत असेल तर दाणा स्वतःचं रक्षण करतो. बुरशी शिरली की तिला रोखणारी रसायनं तो जागच्या जागी तयार करतो. पण काढणीपूर्वीच्या शेवटच्या चार ते सहा आठवड्यांत पाऊस गेला आणि शेंगांभोवतीची माती २६ ते ३१ अंशांच्या आसपास तापलेली राहिली, की दाण्यातलं पाणी घटतं आणि ही संरक्षक रसायनं बनणं थांबतं. बुरशीला मात्र तेवढ्या ओलीवरही वाढता येतं. वाळवीने किंवा हुमणीने शेंग पोखरली असेल तर तिला दार उघडंच मिळतं. मक्यात बुरशी कणसाच्या रेशमी केसांवाटे किंवा अळीने पाडलेल्या भोकांतून आत जाते, आणि तिथेही फुलोऱ्याच्या वेळचा ताण व उष्णता हेच निमित्त ठरतं.

दुसरी संधी पीक काढल्यावर येते, आणि इथे गणित उलटतं. आता धोका ओलीचा. ओल्या शेंगांचा ढीग लावला, वाळवणावर पाऊस आला, पोती थेट जमिनीवर रचली, की बुरशी पुन्हा जोर धरते. साठवताना मक्यातली ओल १३-१४ टक्क्यांच्या खाली हवी, शेंगदाण्यात मात्र साधारण ७ टक्के. शेंगदाण्याला एवढी कडक अट का? कारण दाण्याचा निम्मा भाग तेल आहे आणि तेल पाणी धरून ठेवत नाही. जे काही पाणी आहे ते उरलेल्या अर्ध्या भागातच सामावलेलं असतं, त्यामुळे त्या भागात ७ टक्क्यांनाही बुरशीच्या दृष्टीने पुरेसा ओलावा होऊ शकतो.

हवामान बदलाची झळ इथे सरळ बसते. दक्षिण-पूर्व युरोपात अफ्लाटॉक्सिन हा पूर्वी फारसा चिंतेचा विषय नव्हता. २०१२ च्या उन्हाळ्यात सर्बियात कडक दुष्काळ पडला, मक्यात विष वाढलं, तो मका गाईंनी खाल्ला आणि २०१३ च्या सुरुवातीला तिथल्या दुधातल्या विषावरून देशभर गदारोळ झाला. गाय बी१ खाते तेव्हा त्याचा काही टक्के भाग रूप बदलून एम१ म्हणून दुधात उतरतो, आणि तेही दिवस-दोन दिवसांत. दुधावर सगळ्यांत जास्त अवलंबून असतात लहान मुलं, म्हणून दुधासाठीची मर्यादा धान्याच्या कितीतरी पट कडक असते. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपीय संघाची ०.०५.

यकृतात काय होतं

बी१ स्वतः फारसं उपद्रवी रसायन नाही. उपद्रव सुरू होतो तो शरीर त्याला बाहेर टाकायला निघतं तेव्हा. परका पदार्थ पाण्यात विरघळेल असा करून लघवीवाटे काढून टाकायचा, हे यकृताचं रोजचं काम. त्यासाठी सायटोक्रोम पी४५० गटातली विकरं (एन्झाइम) बी१ वर ऑक्सिजनचा एक अणू चढवतात. त्यातून तयार होतो एपॉक्साइड नावाचा अतिशय चिडखोर रेणू. तो क्षणार्धात समोर येईल त्याला चिकटतो. जवळ ग्लुटाथिओन हा विष निकामी करणारा रेणू असेल आणि त्याला जोडून देणारं विकर तत्पर असेल तर धोका टळतो. नाहीतर हा रेणू डीएनएच्या थरांमध्ये शिरून ग्वानीन या घटकाला चिकटतो. छोट्या उंदरात (माउस) हे ग्लुटाथिओन जोडणारं विकर जोमदार असतं, म्हणून तो बराच तग धरतो. त्याचाच भाऊबंद असलेला मोठा पांढरा उंदीर (रॅट) मात्र सहज बळी पडतो. माणूस या बाबतीत सुरक्षित बाजूला नाही.

चिकटलेल्या जागी पेशी विभागताना चूक होते आणि ‘जी’ (ग्वानीन) च्या जागी ‘टी’ हे अक्षर लागतं. १९९१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी चीनमधल्या छीतुंग भागातले आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातले यकृताच्या कर्करोगाचे नमुने तपासले. टीपी५३ हे जनुक पेशींच्या बेलगाम वाढीला आवर घालतं. त्याच्या २४९ व्या जागी अनेक नमुन्यांत नेमका हाच बदल सापडला. ज्या भागांत अन्नात अफ्लाटॉक्सिन नगण्य आहे तिथल्या गाठींत हा बदल क्वचितच दिसतो. एका विषाने आपली सही एका विशिष्ट अक्षरावर सोडावी, असे पुरावे पर्यावरण आणि कर्करोग यांच्या संबंधात फार थोडे आहेत. रुग्णाने वीस वर्षांपूर्वी काय खाल्लं याची नोंद कुठेच नसते. इथे गाठीतच त्याचा माग राहिला.

जिवंत माणसातला संपर्क मोजायचा तर वेगळी साधनं लागली. ‘तुम्ही मका किती खाता?’ असं विचारून काही कळत नाही. दोन माणसं सारखाच मका खातात, पण एकाच्या धान्यात विष असतं आणि दुसऱ्याच्या नसतं. म्हणून शास्त्रज्ञांनी लघवीत बाहेर पडणारे ते ग्वानीनला चिकटलेले तुकडे मोजायला सुरुवात केली. त्यातून मागच्या एक-दोन दिवसांचा हिशेब मिळतो. रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला चिकटलेलं विष मोजलं तर मागच्या दोन-तीन महिन्यांचा. या मोजमापांशिवाय पुढचं काहीच सिद्ध करता आलं नसतं.

शांघायमधल्या अभ्यासाने तर चित्रच बदललं. १९८६ ते १९८९ दरम्यान ४५ ते ६४ वयाच्या १८,२४४ पुरुषांच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने गोठवून ठेवले होते. पुढे ज्यांना यकृताचा कर्करोग झाला त्यांचे जुने नमुने काढून निरोगी राहिलेल्यांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांना धोका सुमारे ३ पट होता. हिपॅटायटिस बी विषाणूचा दीर्घकाळचा संसर्ग असलेल्यांना सुमारे ७ पट. आणि दोन्ही असलेल्यांना? जवळजवळ ६० पट. तीन आणि सात मिळून दहा होतात, गुणून एकवीस होतात. इथे त्याहूनही कितीतरी जास्त. विषाणूमुळे यकृताच्या पेशी सतत मरत आणि नव्याने विभागत असतात, आणि डीएनएवर ओरखडा असताना पेशी विभागली की चूक कायमची होते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये हिशेब मांडला तेव्हा विषाणू असलेल्या माणसावर तेवढ्याच विषाचा परिणाम सुमारे तीस पट जास्त धरला.

जगातल्या यकृताच्या कर्करोगांपैकी किती या विषामुळे होतात याचा २०१० सालचा एक अंदाज ४.६ ते २८.२ टक्के असा आहे. एवढा रुंद पट्टा पाहून कुणी संशोधनाला नावं ठेवू नयेत. जिथे विष सर्वाधिक, तिथेच मोजमाप सर्वांत कमी, हे त्यामागचं खरं कारण आहे.

मोठ्या मात्रेतला घाव मात्र झाकून राहत नाही. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्यावर ३९७ जण आजारी पडले, त्यातले १०६ दगावले. कावीळ, पोटात पाणी होणं अशी लक्षणं होती. घरातली कुत्रीही मेली. २००४ मध्ये पूर्व केनियात ३१७ जणांना बाधा झाली आणि १२५ मृत्यू झाले. दोन्ही ठिकाणी ज्यांच्या घरी खायला दुसरं काही नव्हतं तीच कुटुंबं सापडली. खराब दिसतंय हे कळत असूनही तो मका खाल्ला गेला असणार.

मुलांच्या वाढीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. बेनिन आणि टोगोमधल्या ४८० मुलांच्या २००२ सालच्या अभ्यासात वाढ खुंटलेल्या मुलांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिन जास्त आढळलं, आणि अंगावरचं दूध सुटून मक्याची पेज सुरू झाली की पातळी चढते हेही दिसलं. पण ज्या घरात खराब मका खाल्ला जातो त्याच घरात जुलाब, अपुरं जेवण, अस्वच्छ पाणीही असतं. त्यातून विषाचा वाटा वेगळा काढणं कठीण आहे आणि नंतरच्या प्रयोगांतूनही एकमुखी उत्तर मिळालेलं नाही. मुलं खुंटण्याचं खापर एकट्या अफ्लाटॉक्सिनवर फोडणारे लेख वाचताना म्हणूनच सावध राहावं. विष मुलांच्या ताटातून काढायला यकृताचं कारण पुरेसं आहे.

एका दाण्याचा हिशेब

या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे मोजमापाचा. पोत्यात विष सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच दाणा विषाने गच्च भरलेला असतो. एका ग्रॅममागे एक मिलिग्रॅमपर्यंत विष असलेले शेंगदाणे प्रयोगशाळेत सापडलेले आहेत.

असा एक दाणा घेऊ, वजन अर्धा ग्रॅम. त्यात विष झालं ५०० मायक्रोग्रॅम. तो ५ किलो, म्हणजे सुमारे दहा हजार दाण्यांच्या ढिगात टाकला. बाकी सगळे दाणे निर्मळ आहेत असं धरलं तरी ढिगाची सरासरी झाली किलोमागे १०० मायक्रोग्रॅम. युरोपीय संघात थेट खायच्या शेंगदाण्यांसाठी एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ४ मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेत २०, आणि पुढे प्रक्रिया करायच्या शेंगदाण्यांसाठी कोडेक्सची १५. म्हणजे दहा हजारांतल्या एका दाण्याने सगळा माल नापास केला. आता त्याच ढिगातून मूठभर दाणे नमुना म्हणून उचला. तो एक दाणा मुठीत येण्याची शक्यता नगण्य आहे. अहवाल येईल ‘विष नाही’. अहवाल खरा, तरीही माल धोक्याचा.

म्हणून कोडेक्सच्या पद्धतीत शेंगदाण्याच्या खेपेतून वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून २० किलो दाणे घ्यायचे, सगळे बारीक दळून एकजीव करायचे आणि मग त्यातला थोडा भाग तपासायचा असा नियम आहे. एवढं करूनही चांगली खेप नाकारली जाण्याची आणि वाईट खेप सुटण्याची शक्यता उरतेच. ती किती ठेवायची हे संख्याशास्त्रज्ञ ठरवतात. ‘आमचा माल तपासलेला आहे’ असं कुणी म्हटलं तर नमुना किती किलोंचा होता हा पहिला प्रश्न विचारायला हवा.

मर्यादेच्या आकड्यालाही एक मर्यादा आहे. किलोमागे २० मायक्रोग्रॅम विष असलेले ३० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले तर पोटात ०.६ मायक्रोग्रॅम जातं. तेवढ्याच विषाचा मका कुणी दिवसाला ४०० ग्रॅम खात असेल तर ८ मायक्रोग्रॅम, म्हणजे तेरा पटींहून जास्त. कागदावर दोघांचंही अन्न सारखंच ‘सुरक्षित’. ज्याचं रोजचं पोट एकाच धान्यावर भरतं त्याला मोजून ठरवलेल्या मर्यादेचंही पुरेसं संरक्षण मिळत नाही.

विष असं सारखं न पसरण्याचा एक फायदाही आहे. विष थोड्याच दाण्यांत दाटलेलं असेल तर ते दाणे काढून टाकता येतात. सुरकुतलेले, डागाळलेले, फुटके, किडके दाणे वेगळे केले की बराचसा वाटा जातो. साल काढून मग निवडलं तर डाग आणखी स्पष्ट दिसतात. मोठ्या कारखान्यांत रंग ओळखणारी यंत्रं हेच काम सेकंदाला शेकडो दाण्यांच्या गतीने करतात.

बुरशीशी लढायला बुरशीच

अ‍ॅस्परजिलस फ्लेवसचे सगळे वाण विष बनवत नाहीत. अमेरिकेच्या कृषी संशोधन सेवेतले पीटर कॉटी यांना ॲरिझोनातल्या कपाशीच्या शेतात असा एक निर्विष वाण सापडला. एएफ३६ हे त्याचं नाव. विष बनवण्याच्या साखळीतल्या एका जनुकात एक अक्षर बदलल्यामुळे तो विष करूच शकत नाही. कॉटींची कल्पना अशी की शेतात बुरशी येणारच असेल तर आधी निर्विष वाणाला जागा आणि अन्न मिळवून द्यावं, म्हणजे विषारी वाणाला कमी उरेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००३ मध्ये कपाशीसाठी या वाणाची पूर्ण नोंदणी केली.

आफ्रिकेत हेच काम नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने हाती घेतलं. पूर्वी हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत काम केलेले भारतीय वनस्पतीरोगतज्ज्ञ रणजित बंद्योपाध्याय यांचा त्यात मोठा वाटा आहे. तिथल्या उत्पादनाचं नाव अफ्लासेफ. बाहेरचा वाण आणून सोडायचा नाही, त्याच देशाच्या मातीतले निर्विष वाण शोधून वापरायचे, आणि एकच न घेता चार घ्यायचे, असं त्यांनी ठरवलं.

हातात घेतलं तर अफ्लासेफ म्हणजे नुसती ज्वारी दिसते. दाणे आधी उष्णतेने मारलेले असतात, म्हणजे ते उगवणार नाहीत, आणि त्यांवर निर्विष बुरशीच्या बीजाणूंचा लेप असतो. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, जमिनीत ओल असताना, हेक्टरी १० किलो एवढे दाणे हाताने फेकायचे. ओल मिळाली की काही दिवसांत दाण्यावर बुरशीची लव धरते, बीजाणू वाऱ्याने आणि किड्यांबरोबर पिकावर पोहोचतात. वेळ चुकली तर मात्र उपयोग नाही. फार आधी टाकलं तर मुंग्या-पक्षी खातात किंवा ओलीअभावी ते तसंच पडून राहतं, उशीर झाला तर विषारी वाण आधीच बसलेला असतो. नीट वापरल्यावर अनेक देशांतल्या शेतांमध्ये पिकातलं विष ८० टक्के आणि त्याहून जास्त घटलेलं आढळलं आहे. निर्विष वाण धान्यासोबत कोठारातही जात असल्याने तिथेही काही काळ संरक्षण मिळतं.

मला तरी सर्वांत जास्त भावतो तो गिनीमधला प्रयोग, कारण त्यात नवीन असं काहीच नव्हतं. किंडिया भागातली २० गावं निवडली, सगळी भुईमूग पिकवणारी. १० गावांत लोकांना काही साध्या गोष्टी शिकवल्या आणि साहित्य दिलं: खराब शेंगा हाताने निवडून काढा, उघड्या मातीवर न वाळवता चटयांवर वाळवा, पुरतं वाळलं की नाही हे पाहून मगच भरा, प्लास्टिकऐवजी तागासारख्या धाग्याची हवा खेळती राहणारी पोती वापरा, पोती लाकडी फळ्यांवर रचा, कोठारात कीड होऊ देऊ नका. उरलेल्या १० गावांत नेहमीसारखंच चालू ठेवलं. तपासणी केली ती नुसत्या शेंगदाण्यांची नाही, माणसांच्या रक्ताची. काढणीनंतर ५ महिन्यांनी नेहमीच्या पद्धतीच्या गावांत अल्ब्युमिनला चिकटलेल्या विषाची सरासरी १८.७ होती, तर शिकवलेल्या गावांत ८.० (मिलिग्रॅम अल्ब्युमिनमागे पिकोग्रॅम). रक्तात विष सापडलंच नाही अशा माणसांचं प्रमाण एकीकडे २ टक्के, दुसरीकडे २० टक्के. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. चटई आणि पोतं यांचा परिणाम माणसाच्या रक्तात मोजून दाखवणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

याउलट छीतुंगमध्येच १९९७ साली १८० प्रौढांवर झालेली चाचणी पाहा. क्लोरोफिलपासून बनवलेल्या क्लोरोफिलिनच्या गोळ्या दिवसातून तीनदा, चार महिने दिल्या. ते आतड्यात अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवतं. लघवीतल्या, विष चिकटलेल्या डीएनएच्या तुकड्यांत ५५ टक्के घट झाली. शास्त्र म्हणून हे सुंदर आहे, पण आयुष्यभर तीन वेळा गोळी घेणं ज्याला परवडेल त्याला बहुधा चांगलं धान्यही परवडेल. खुद्द त्या भागात फरक पडला तो दुसऱ्याच कारणाने: १९८० च्या दशकात लोकांचं रोजचं धान्य मक्याऐवजी तांदूळ झालं, आणि ज्या पिढ्यांना हिपॅटायटिस बीची लस मिळालेलीच नव्हती त्यांच्यातही यकृताचा कर्करोग लक्षणीय घटला.

निवडून काढलेल्या दाण्यांचं काय होतं, हा प्रश्न संशोधनात मागे पडतो आणि व्यवहारात तोच सर्वांत टोचतो. कडक मर्यादा असलेल्या बाजारासाठी चांगला माल बाजूला निघतो, आणि नाकारलेला माल स्वस्तात विकला गेला तर ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्या घरी पोहोचतो. त्यावर तांत्रिक उपाय आहेत. तेल काढून क्षाराने शुद्ध केलं तर तेलातलं विष निघतं. पेंडीत मात्र ते दाटून राहतं. पेंडीवर अमोनियाची प्रक्रिया करता येते. जनावरांच्या खाद्यात बेंटोनाइट माती मिसळली तर ती आतड्यात बरंचसं विष धरून ठेवते. यांतलं काहीच करता येत नसेल तर तो माल जाळावा. पण शेतकऱ्याला नाकारलेल्या मालाचे काही तरी पैसे मिळण्याची व्यवस्था नसेल तर तो जाळला जाणार नाही, आणि हे मान्य करून योजना आखली पाहिजे.

घरी काय करावं, तर दाणे घेताना कोरडे, भरलेले घ्यावेत आणि कोरड्या डब्यात ठेवावेत. सुरकुतलेले, काळपटलेले, बुरशी धरलेले दाणे फेकून द्यावेत. बुरशी पुसून किंवा कापून उरलेला भाग वाचवू नये. फेकलेले दाणे दुभत्या जनावरापुढे टाकू नयेत, ते दुधातून परत येतात. रोज एकाच धान्यावर विसंबून असाल तर जमेल तसं दुसरं धान्य मिसळावं. आणि बाळाला हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळेल हे पाहावं. ती लस बुरशीला काही करत नाही, पण ताटात जेवढं विष राहून जाईल त्याचा घाव ती कितीतरी हलका करते.